तीन फुगे आणि दीड थर्मास

१५ डिसेंबर, सोमवार

ही वही राव्हिओलीच्या ऑर्डरींची. पहिल्या चार पानांवर कुणाला किती डबे ते लिहिलंय आणि पाचव्या पानापासून माझी अंडाशयं. नर्सनं सांगितलं होतं, औषधांच्या वेळा कुठंतरी टिपून ठेवा. म्हटलं नुसत्या वेळा कशाला, सगळंच लिहिते. मला मोजकं बोलता येत नाही, मोजकं लिहिता कुठून येणार!

सोमवारी आमचं राव्हिओली-पास्त्याचं दुकान बंद असतं, म्हणून आज डॉक्टर लारोसांकडे गेलो, मी आणि नवरा, विल्मार. डॉक्टरबाई एवढ्याशा, चष्मा डोक्यावर आणि शोधत होत्या टेबलावर.

"फियोरेला, खरं सांगू की गोड सांगू?"

"खरंच सांगा. गोड हवं असतं तर बेकरीत गेले नसते?"

मग त्यांनी खरं सांगितलं. माझी अंडाशयं आळशी आहेत. याच इंजेक्शनांवर दुसऱ्या बायकांना दहा-बारा फॉलिकल येतात, मला आली तर दोन नाहीतर तीन. फॉलिकल म्हणजे पाण्याचा इवलासा फुगा आणि त्याच्यात, नशीब असेल तर, एक स्त्रीबीज. पहिल्या खेपेला एकच फुगा आला म्हणून मधेच थांबवलं. दुसऱ्या खेपेला दोन आले. सुईनं पाणी ओढून घेतलं, पाण्यात काही नव्हतं. भूल उतरल्यावर मी विचारलं, किती? तर नर्स माझी उशी सारखी करायला लागली. तेव्हाच समजले मी.

आता तिसरी. सरकार तीनदाच खर्च उचलतं, तेही चाळिशीच्या आत, आणि मार्चमध्ये मला चाळीस पूर्ण. म्हणजे ही शेवटची. ही गेली की मी, विल्मार, आणि माडीवर सासूबाई, एवढंच आमचं घर. रोज तीस डझन अंडी फोडणारी बाई मी, आणि स्वतःचं एक निघत नाही. कोंबड्यांसमोर मान वर करायची सोय नाही.

पण डॉक्टरांनी या वेळी बेत बदललाय. आधी महिनाभर पुरुषी हार्मोनचं जेल मांडीला चोळायचं, म्हणजे अंडाशयं जरा जागी होतील. शेवटचं इंजेक्शन एकाऐवजी दोन. आणि सुई वेगळी, दोन नळ्यांची. एका नळीनं फुग्यातलं पाणी ओढायचं, दुसरीनं आत नवं पाणी सोडून फुगा विसळायचा, आणि परत ओढायचं. कारण बीज कधीकधी भिंतीला चिकटून बसतं.

"ज्यांच्याकडे ढीगभर फुगे असतात त्यांना या विसळण्याचा काही उपयोग नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्यासारख्यांना होतो असं काही डॉक्टर म्हणतात, काही म्हणतात नाही होत. मी करून बघणार."

"विसळा हो, खुशाल विसळा!" मी म्हटलं. माझं डोकं तर तिथंच गरगरायला लागलं होतं, आनंदानं. आणि आमचे हे! टोपी मांडीवर ठेवून गप्प. शेवटी एकच प्रश्न विचारला: "जेल किती वाजता लावायचं?" बस चालवून चालवून माणसाला वेळेशिवाय काही सुचत नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

आज गिऱ्हाइकाशी भांडले. म्हणाला, यंदा राव्हिओली लहान झाली. मी म्हटलं, राव्हिओली तेवढीच आहे, तुमचं तोंड मोठं झालंय. मागं रांगेतले सगळे हसले, तोही हसला, आणि दोन डबे जास्तीचे घेऊन गेला. सासूबाई गल्ल्यावरून ओरडल्या, "चढलं गं बाई, जेल चढलं हिला!" सगळ्या दुकानासमोर!

सासूबाईंचं नाव ओफेलिया. वय एकोणऐंशी, जीभ एकोणीस.

जेल लावल्यावर मला कुणी शिवायचं नाही असा नियम आहे, नाहीतर दुसऱ्याला लागतं. विल्मार इतका घाबरलाय की मी सोफ्यावर बसले की हा खुर्चीत. रोज सकाळी आरशात मिशी बघते. अजून नाही. आवाज मात्र भरदार झालाय असं मला वाटतं. सासूबाई म्हणतात, तो आधीपासून तसाच होता.

३१ डिसेंबर, बुधवार

वर्ष संपताना सगळेच करतात तशी जुन्या कॅलेंडरची पानं फाडून खिडकीतून उधळली. सगळी गल्ली कागदांनी पांढरी. सासूबाईंनी माडीवरून वर्षअखेरचं बादलीभर पाणी नेमकं पोस्टमनच्या डोक्यावर ओतलं आणि वर त्यालाच म्हणाल्या, "वर आलास तर सायडर मिळेल." तो आला. निथळत आमच्या टेबलावर बसून तीन पेले प्याला.

मी ऑगस्टचं पान तेवढं फाडलं नाही. ऑगस्टात दुसरी खेप झाली होती. नंतर वाटलं, ठेवून काय लोणचं घालायचंय? फाडलं. बारीक बारीक तुकडे केले.

१६ जानेवारी, शुक्रवार

इंजेक्शनं सुरू. दुकानाच्या फ्रीजमध्ये रिकोट्टा चीजच्या डब्यांमागं ठेवलीत. सासूबाईंनी इंजेक्शनांच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: "हे विकायचं नाही." गिऱ्हाईक विचारतात, त्यात एवढं खास काय आहे? सासूबाई म्हणतात, "जुनी रेसिपी. अजून जमलेली नाही."

मला सुई बघवत नाही, म्हणून विल्मार टोचतो. रात्री आठला. आठ म्हणजे आठ, सात अठ्ठावन्नला स्वयंपाकघरात येऊन उभा. हात धुतो, पुसतो, परत धुतो. टोचताना श्वास त्याचाच अडकतो. मग जातो मोरीत आणि नळ सोडून अर्धा तास बसतो. मी म्हटलं, पाणी फुकट नाही येत! तर म्हणाला, "दाढी करत होतो." बाहेर आला तेव्हा दाढी जशीच्या तशी. या माणसाला घरातल्या कशाचंच भान नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

तीन! तीन! तीन!

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवत गेल्या. एक बारा मिलिमीटर, एक अकरा, एक नऊ. मी विचारलं, चौथा कुठं लपलाय का बघा. "तीनवर समाधान माना," म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या, त्यांचाही जीव लागलाय त्या तिघांत.

बाहेर येऊन विल्मारला सांगितलं. त्यानं खिशातून जुनं तिकीट काढलं आणि मागं लिहून घेतलं: १२, ११, ९. बस्स. ना मिठी ना काही. मी रागानं आइस्क्रीम घेतलं, मोठं. त्यानंच पैसे दिले आणि तिकीट परत पाकिटात ठेवलं, आईच्या फोटोच्या मागं.

२५ जानेवारी, रविवार

आज खरं लिहिते. दुकानात गर्दी होती, हात चालत होते आणि डोक्यात एकच किडा. मला मूल हवंय, की हरायचं नाहीये? शेजारच्या मारिसोलचं कार्टं दिवसभर आमच्या दारात चेंडू आपटतं तेव्हा माझं डोकं उठतं. मग मला हे कशासाठी?

दुपारी त्याच कार्ट्यानं काउंटरवरचा न्योकी, बटाट्याचा कच्चा गोळा, उचलून तोंडात टाकला आणि असं काही तोंड वाकडं केलं की मी हसून हसून खाली बसले. माझं असतं तर मी त्याला अजून एक दिला असता, पुन्हा ते तोंड बघायला. तेव्हा कळलं, हवंय. फार हवंय. इतकं की कुणापुढं म्हणायची भीती वाटते.

विल्मारला हवंय का, देव जाणे. बारा वर्षांत त्यानं तोंडानं म्हटलेलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

एकोणीस, अठरा, सोळा! फुगे तयार!

डॉक्टरांनी बजावून सांगितलं. आज रात्री नऊला दोन्ही इंजेक्शनं. नऊ म्हणजे नऊ. त्यानंतर बरोबर छत्तीस तासांनी, गुरुवारी सकाळी नऊला, सुई. लवकर केलं तर बीज सुटत नाही, उशीर केला तर फुगा आपोआप फुटतो आणि सगळं पोटात सांडतं. आणि बुधवारी मध्यरात्रीनंतर अन्न नाही, पाणी नाही.

"थेंबभरसुद्धा नाही," म्हणाल्या.

"डॉक्टर, मी काय लहान आहे का?"

गुरुवारी तारीख कुठली? एकोणतीस! महिन्याची एकोणतीस, म्हणजे रिवाजाप्रमाणे अख्खं मोन्तेव्हिदेओ शहर न्योकी खाणार, म्हणजे दुकानापुढं रांग पार कोपऱ्यापर्यंत. माझ्या अंडाशयांनी वर्षभरात काही दिलं नाही आणि आता देणार तेही नेमकं एकोणतीसला! सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग काय झालं? तू तिकडं दे, मी इकडं देते. बघू कुणाची रांग आधी संपते."

रात्री नऊला विल्मारनं टोचलं. त्यानं तीन घड्याळं टेबलावर मांडली होती, एक स्वतःचं, एक माझं, एक सासूबाईंचं गजराचं. तिन्हींत नऊ वाजेपर्यंत हलला नाही.

२९ जानेवारी, गुरुवार, सकाळी सव्वाआठ

दवाखान्यात बसून लिहितेय. अंगात असं काही भरलंय की खुर्चीत मावत नाहीये मी.

पहाटे पाचला उठलो तिघंही. झोप तशीही नव्हती. बटाटे उकडायला टाकले, सासूबाईंनी कुस्करले, मी मळले. साडेसातपर्यंत चाळीस किलो न्योकी ट्रेमध्ये. गेल्या खेपेला बिछान्यातून उठून तशीच आले होते, रडवेली. या वेळी काम करून आले, हात मोकळे झालेत. विल्मार मधे उभा राहून येर्बाचा कडू पाला भिजवत होता, नळी घातलेला भोपळा तिघांत फिरत होता, तो थर्मासातून भरायचा, आम्ही ओढायचो, परत भरायचा. "ग्रासियास", म्हणजे आभार, आता पुरे, असं म्हणेपर्यंत भोपळा परत परत येतो, आणि हात पिठात असताना म्हणायला सुचतं कुणाला? किती दिवसांनी इतकी मजा आली.

उपास मात्र कडकडीत! रात्रीपासून अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. बटाटा शिजला का बघायला तोंडात घातला तोसुद्धा थुंकून टाकला. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनलाही मी इतकी शिस्तीत राहिले नव्हते. पोटात नुसता येर्बा डुचमळतोय.

नर्स आली, विचारून गेली, काही खाल्लं-प्यायलं का? म्हटलं, "छे! विचारता काय!" विल्मारनंही मान हलवली. साक्षीदार आहे तो माझ्या उपासाचा.

बोलावतायत. चला.

२९ जानेवारी, संध्याकाळ

बसल्या जागी दुखतंय आणि मी हसतेय. सासूबाई दारातून डोकावून गेल्या, म्हणाल्या, "वेड लागलं की काय पोरी?" क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

हिरवा झगा घालून मी पलंगावर. भूल देणारे डॉक्टर आले, पित्तालुगा नावाचे, धिप्पाड, भला माणूस. दारात विल्मार उभा, काखेत थर्मास, हातात भोपळा, आमच्याकडे बाप्या माणूस याशिवाय घराबाहेर पडतो का! पित्तालुगा म्हणाले, "राव, सकाळपासून एक घोट नाही मिळाला. द्या एक." विल्मारनं भरून दिला. डॉक्टरांनी डोळे मिटून ओढला.

"वा! कडक आहे. थर्मास एवढा हलका कसा?"

आणि माझा नवरा, जो कधी दोन शब्द धड बोलत नाही, तो म्हणाला, "हा दुसरा. पहिला घरीच संपला. सुकडीलाच जास्त लागतो."

मी त्याची सुकडी. लग्नातल्या वजनावरून पडलेलं नाव आहे, आता त्यात काही तथ्य नाही.

पित्तालुगांनी डोळे उघडले. "कुणाला लागतो?"

"हिला."

"आज?"

"दीड थर्मास झाला असेल. शेवटचा घोट इथं दारातच घेतला."

 पित्तालुगांनी भोपळा अलगद टेबलावर ठेवला.

"बाई, तुम्ही मघाशी सांगितलंत काही प्यायलं नाही."

"नाहीच प्याले! येर्बा घेतला!"

"येर्बा हे पाणी आहे, बाई! गरम पाणी! दीड लिटर!"

देवाशप्पथ सांगते, तोपर्यंत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. चाळीस वर्षांची घोडी मी! पाणी ते पाणी, येर्बा तो येर्बा. विल्मारचंही तोंड उघडं पडलं, त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. पित्तालुगा टकलावर हात फिरवत येरझारा घालायला लागले. पोटात एवढं पाणी असताना भूल दिली आणि ते उलटून छातीत गेलं तर जीवावर बेतेल. दोन तास थांबा, मग देतो.

डॉक्टर लारोसा आल्या, ऐकलं, सोनोग्राफीचा दांडा घेतला आणि बघितलं. नऊला पाच कमी. सगळ्यात मोठा, एकोणीसवाला, एका बाजूनं चेपायला लागला होता.

"हा दोन तास थांबणार नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचे थांबतील किंवा न थांबतील. दुसरा मार्ग म्हणजे भूल न देता, आतून नुसतं बधिर करून. पण दुखेल, फियोरेला. आणि हलायचं नाही."

माझ्याच हातानं मी माती केली होती. महिनाभर मांडीला जेल, बारा दिवस सुया, शेवटची खेप, आणि मी येर्बा पीत बसले!  विल्मार म्हणाला, "फियो, नको. दुखेल तुला."

"दुखू दे! तू गप!" मी ओरडले. "करा डॉक्टर. आत्ता करा."

जागी असल्यामुळे विल्मारला डोक्याशी बसू दिलं. बधिर करायचं इंजेक्शन दिलं. मग सुई. जे बधिर व्हायचं ते झालं होतं, जे नव्हतं व्हायचं ते नव्हतं झालं. मी विल्मारचा अंगठा असा पिळला की तो आता काळानिळा आहे. "बोल काहीतरी!" म्हटलं. काय बोलणार तो! बसचे थांबे म्हणायला लागला. आमच्या पासो मोलिनोपासून, एकेक करून, पेट्रोल पंप, दवाखाना, पूल, शाळा. सुई आत गेली की मी किंचाळायची आणि तो पुढचा थांबा सांगायचा.

भिंतीत एक खिडकी आहे, पलीकडे प्रयोगशाळा. तिथं मिकाएला नावाची मुलगी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. ओढलेलं पाणी नळीतून तिच्याकडे जायचं आणि तिचा आवाज यायचा.

चेपलेला फुगा पहिला घेतला. पाणी गेलं. 

"नाही."

डॉक्टरांनी विसळलं. परत पाठवलं.

"नाही."

दुसऱ्यांदा विसळलं.

"नाही."

"पुढच्याकडे वळू," डॉक्टर म्हणाल्या. आणि मला काय झालं कोण जाणे. झोपेत असते तर गेला असता तो फुगा तसाच. मी म्हटलं, "एकदा अजून!"

"फियोरेला, मी दोनदा विसळलं."

"अहो, रिकोट्टाची पिशवी आम्ही दोनदा विसळून फेकतो का? कोपऱ्यात चिकटलेला तिसऱ्यांदाच येतो! एकदा अजून, माझ्यासाठी!"

पित्तालुगांना हसू फुटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "बरं. तिसऱ्यांदा. पण तोंड बंद."

पाणी गेलं. विल्मार म्हणाला, "चर्च." पुढचा थांबा सुचेना त्याला.

"थांबा," मिकाएला म्हणाली.  मग एकदम इतक्या जोरात की खिडकीची काच थरथरली असेल, "आहे! आहे इथं! काय सुंदर आहे!"

मी अशी ओरडले की बाहेरून नर्स धावत आली. "हलू नका!" डॉक्टर माझ्याहून जोरात ओरडल्या. दुसऱ्या फुग्यात पहिल्याच पाण्याला मिळालं. तिसरा रिकामा, तीनदा विसळला तरी रिकामा, पण मला पर्वा नव्हती. दोन! माझी दोन!

उठवून बसवलं तेव्हा डॉक्टरांनी कपाळावर टिचकी मारली. "तुमच्यासारखी पेशंट मला परत नको." मी त्यांच्या हाताचा मुका घेतला.

घरी आलो तर रांग अजून कोपऱ्यापर्यंत. सासूबाईंनी लांबूनच हाताच्या खुणेनं विचारलं, किती? मी दोन बोटं दाखवली. त्यांनी न्योकीचा झारा हवेत फिरवला आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला दुप्पट वाढून दिले. त्याला कळलंच नाही का.

३० जानेवारी, शुक्रवार

फोन आला. दोनांतलं एक फळलं, रविवारी आत ठेवणार. दुसरं नाही.

अर्धा मिनिट वाईट वाटलं. मग म्हटलं, एकच तर हवंय! मी काय फुटबॉलची टीम उतरवणार आहे? विल्मारला सांगितलं तर त्यानं विचारलं, "रविवारी किती वाजता?" धन्य आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

ठेवलं आत. मोठ्या पडद्यावर पांढरा ठिपका, साबुदाण्याच्या दाण्याहून लहान दिसत होता. दुखलं नाही. पित्तालुगा मुद्दाम डोकावले आणि म्हणाले, "आज येर्बा?" म्हटलं, "आज विचारून प्याले!"

परत येताना विल्मारनं प्रत्येक खड्डा चुकवत गाडी चालवली. सायकली आम्हाला मागं टाकून जात होत्या.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज समुद्रावर येमान्झाची जत्रा, लोक लाटांत फळं वाहतात. सासूबाई कशावरच विश्वास ठेवत नाहीत, ना पाद्र्यावर, ना समुद्राच्या देवीवर. पण संध्याकाळी लांब पांढरा झगा घालून, अख्खं कलिंगड उचलून निघाल्या. "गर्दी बघायला जाते," म्हणाल्या. मी विचारलं, कलिंगड कशाला? "तहान लागली तर?"

आल्या त्या रिकाम्या हातानं, गुडघ्यापर्यंत ओल्या. कलिंगड कुठं गेलं? तर म्हणे, जड झालं म्हणून देऊन टाकलं कुणालातरी. या वयात समुद्रात उतरायची काय गरज होती यांना!

७ फेब्रुवारी, शनिवार

काही वाटत नाहीये. मळमळ नाही, चक्कर नाही. छाती दुखते, पण ती गोळ्यांनी दुखते असं नर्स म्हणाली. सकाळी वाटतं आहे, दुपारी वाटतं नाही. आज दुकान बंद केल्यावर फ्रीजमागं उभी राहून रडले. मग बाहेर येऊन गिऱ्हाइकांच्या राव्हिओलीवरून सासूबाईंशी भांडले. तेवढं बरं वाटलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

उद्या रक्त. रिपोर्टसाठी माझा नंबर दिला नाही, विल्मारचा दिला. उशी सारखी करणारी नर्स मला परत नको, फोनवरसुद्धा. काय असेल ते त्यानं सांगावं. सांगताना चार शब्द लागतील, तेवढे तरी येतील ना तोंडातून!

त्याला म्हटलं तर म्हणाला, "उद्या माझी दुपारची पाळी आहे." बस्स, एवढंच. झोपला पाठ करून. मध्येच उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, उकडतंय म्हणे. बाहेर चांगला गार वारा होता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी रक्त दिलं. नर्स म्हणाली, आकडा पाचच्या खाली असेल तर नाही, पन्नासच्या वर असेल तर आहे. तीन वाजेपर्यंत कळेल.

तीन वाजले. सव्वातीन. शनिवार-रविवारचं पीठ मळायला घेतलं होतं, कोपरापर्यंत बरबटलेली. सासूबाई एकच डबा पाच वेळा पुसत होत्या. साडेतीन. म्हटलं, नाहीये. असतं तर आला असता फोन. त्याला सांगवत नसणार, थांब्यावर बसला असेल तोंड लपवून. सासूबाई म्हणाल्या, "गप, बसच्या आवाजात ऐकू आलं नसेल."

आमच्या गल्लीत बस येत नाही. सायकलवाला आला तरी समोरच्या कुत्र्याला उठावं लागतं. तर चारला पाच कमी असताना कोपऱ्यावरून बसचं नाक दिसलं. मग काचा. मग अख्खी बस, झाडाच्या फांद्या मोडत, मारिसोलच्या बाल्कनीतले कपडे आरशाला गुंडाळून, हॉर्न वाजवत सरळ आमच्या दारात. विल्मारची बस! आणि आत माणसं खच्चून, सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर.

दार उघडलं. विल्मार उतरला. टोपी हातात, चेहरा लाल, गालांवरून पाणी. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. 

खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "एकशे बारा, पोरी! एकशे बारा म्हणे! ते चांगलं असतं का गं?"

"अहो सांगा लवकर!" मागून कुणीतरी पुरुष. "हा मागच्या थांब्यावर पुढं उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या बायकोला काहीतरी सांगायचंय, बस जरा वाकडी नेतो, घाई असेल त्यानं उतरावं. कोण उतरतंय! पण नक्की काय ते हा सांगेना, नुसता रडतोय!"

"रडत रडत बस चालवली हो यानं!" म्हातारी म्हणाली. "आम्ही जीव मुठीत धरून बसलोय. म्हणतो, बारा वर्षं वाट बघतोय, रोज रात्री वाट बघतोय, आणि तिला काही म्हणायचं नाही, तिला ओझं होईल. सांग बाई, एकशे बारा म्हणजे काय?"

मी विल्मारकडे बघितलं. बारा वर्षं! आणि मी वहीभर त्या माणसाला नावं ठेवलीत.

"चांगलं असतं!" मी ओरडले. "खूप चांगलं असतं हो! आहे! आहे ते!"

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. अख्खी बस ओरडत होती, पाय आपटत होती, मारिसोल बाल्कनीतून कपडे मागत होती. मी विल्मारला मिठी मारली तेव्हा हात पिठाचे आहेत हे विसरलेच, त्याच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर माझे दोन पांढरे पंजे उमटले. तो कानाशी एवढंच म्हणाला, "सुकडे, मला हवं होतं गं." आणि परत रडायला लागला. मीही.

परवा परत रक्त. आकडा दुप्पट व्हायला हवा, मग पुढची सोनोग्राफी, मग अजून काय काय. माहीत आहे मला. आज एकशे बारा आहे.

मग प्रश्न उभा राहिला की बस गल्लीबाहेर कशी काढायची. पुढं भिंत. विल्मार डोळे पुसत सीटवर बसला आणि मागं घ्यायला लागला, प्रवासी दोन्ही बाजूंनी एकदमच सूचना देत होते. तेवढ्यात सासूबाई एप्रन बांधलेल्या तशाच भर रस्त्यात बसच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. गाल ओले, दोन्ही हात वर, आणि सगळ्या पासो मोलिनोला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होत्या, "येऊ दे! येऊ दे, बाळा, येऊ दे! भरपूर जागा आहे!"